गुरुजी, माझा अर्धा मार्क

गुरुजी,

काल तुमची तेरवी झाली. तुम्ही असतात तर आचाऱ्याला एकदा तरी झापलं असतंत, कारण वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग होता आणि पोळ्या शेवटच्या पंगतीला कमी पडल्या. पण पंगती उठल्यावर जे झालं ते बघून मात्र तुम्ही मिशीत हसला असतात आणि आम्हाला दिसू नये म्हणून टोपी पुढे ओढली असतीत.

झालं असं की गजूनं माईक घेतला. तोच तुमचा गजू, ज्याची क्रूझर साखरखेर्डा ते मेहकर पळते आणि ज्याला सातवीच्या गणितानं दोनदा लोळवलं. लोकांना वाटलं आता हा दोन शब्द बोलणार, डोळे पुसणार आणि खाली बसणार. गजू म्हणाला, "गुरुजीची तारीफ इथं कोणी करायची नाही. तारीफ केली की गुरुजी म्हणत, उत्तर लिही बे, निबंध नको लिहू. तं आज ज्यानं त्यानं उभं राह्यचं, अन् आपण कुठं अडलो आहो तेवढं सांगायचं."

मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं. तुमची एक जुनी विद्यार्थिनी, आता जिच्या स्वतःच्या घरात सून आलीय अशी बाई, उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मी मोबाईलच्या बँकेत अडली. पोरगं शिकवते अन् चिडते." सगळा मांडव एका सुरात ओरडला, "अर्धा मार्क!" सरपंच पाणीपुरवठ्याच्या फायलीत अडले होते. एकजण म्हणाला, "मी दारूत अडलो होतो, सुटलो, दिवाळीले पुन्हा अडलो." त्याला हसावं की रडावं कुणालाच कळेना, पण अर्धा मार्क त्यालाही मिळाला, आणि तो खाली बसला तेव्हा त्याच्या भावानं त्याचा हात धरून ठेवला. काकू पदरात तोंड घालून हसत होत्या. आपल्या नवऱ्याच्या तेरवीला इतकं हसलेली बाई आपल्या गावात पहिल्यांदाच बघितली असेल लोकांनी.

मग गजूनं माईक माझ्यापुढे धरला. "मॅडम, तुमचं?"

मला बोलता आलं नाही. तालुक्याच्या कॉलेजात इतकी वर्षं तासामागून तास घेणारी मी, उभी राहिले, माईक गजूला परत दिला आणि खाली बसले. म्हणून आज लिहितेय. मी कुठं अडलेय ते तुम्हाला सांगायचंच आहे, कारण तुम्ही मला एक प्रश्न विचारून गेलात आणि उत्तराची वाट न बघता गेलात.

तुमचा अर्ध्या मार्काचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे इतरही कुणी वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही गणिताला होतात. गणित नाही आलं तर कोरं सोडायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही, काहीतरी थापही मारायची नाही. जिथपर्यंत येतं तिथपर्यंत लिहायचं, आणि जिथं पाय अडतो तिथं रेघ मारून लिहायचं, "इथं अडलो." त्याला अर्धा मार्क. उरलेला अर्धा तुम्ही राखून ठेवत होतात. पोरगं नंतर कधीही, महिन्यानं, वर्षानं, येऊन तेच गणित तुमच्यासमोर सोडवेल तेव्हा तो मिळायचा. गजू क्रूझर घेतल्यावर पेढे द्यायला आला होता, तेव्हा तुम्ही त्याला गाडीच्या बॉनेटवर सातवीतलं व्याजाचं गणित सोडवायला लावलंत. सुटलं. मग पेढा खाल्लात.

मला तुमच्या हातून अर्धा मार्क कधीच मिळाला नाही. मी हुशार होते आणि मला त्याचा माज होता. तुम्ही एकदा माझ्या पूर्ण मार्कांच्या पेपरावर लिहिलंत, "ही पोरगी कुठंच अडत नाही, हे काही खरं नाही." घरी आमच्या बाबांना अर्थ लागेना. ते भाजीचं गाठोडं बांधत होते, म्हणाले, "चांगलं लिहिलं का वाईट?" मलाही सांगता आलं नाही.

आणि कितीतरी वर्षांनी तुम्हीच एक दिवस कॉलेजात माझ्या केबिनच्या दारात उभे. हातात हिरव्या मिरच्यांची पिशवी, अंगात पांढरा सदरा. निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. म्हणालात, "मॅडम, मले पीएच.डी. करायची आहे. तुमच्याकडं जागा आहे का?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. नोकरी करता करता बाहेरून एम.एस्सी. केलेली होती, प्रवेश परीक्षा देऊन आला होतात, आणि विषयसुद्धा ठरवून आला होतात. "विश्व पसरून राह्यलं म्हणतात. अन् पसरण्याचा जोर वाढून राह्यला म्हणतात. वर फेकलेला गोटा खाली याच्या ऐवजी वर जाता जाता आणखी जोरात पळावा, तसं. मले ह्याचं गणित पाह्यजे." मी म्हटलं, गुरुजी, ते गणित कुणालाच पूर्ण येत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग तं बरंच आहे. अर्धा मार्क तं पक्का."

तेव्हापासून आपलं नातं असं विचित्र झालं. कॉलेजात तुम्ही उभं राहून मला "मॅडम" म्हणायचात, आणि घरी गेलं की "संगे, चप्पल काढ आधी." मी तुमची गाईड, आणि तुमच्यासमोर खुर्चीवर टेकून बसायची माझी हिंमत नाही. बाकीची संशोधक पोरं तुमच्या निम्म्याहून लहान. तुम्ही त्यांच्या रांगेत बसून सापेक्षतेची क्षेत्रसमीकरणं उतरवून घेत होतात, आणि एखाद्या पोराची उजवी बाजू चुकली की तुमचा हात आपोआप लाल पेन शोधायचा.

खरी शिकवणी मात्र तुमच्या स्वयंपाकघरात झाली. मी दुपारी आले होते, मागून गजू त्याचे दोन पाव्हणे घेऊन टपकला, आणि काकूंनी पिठल्यात तांब्याभर पाणी ओतलं. तुम्ही लगेच पळी उचललीत. "पाह्य संगे. जागा वाढली की पदार्थ असा पातळ होते. तारे, धूळ, आपण, सगळे पिठलं. पण ही जी डार्क एनर्जी आहे, पसरण्याचा जोर वाढवणारी, ती पातळ होत नाही म्हणतात. कितीही पाणी घाला, दाट ते दाटच."

काकू म्हणाल्या, "असं पिठलं मले बी शिकवा. पाव्हणे काही कमी होत नाही आपल्या घरचे."

तिथंच आपलं भांडण सुरू झालं. ही डार्क एनर्जी, म्हणजे कृष्ण ऊर्जा, कायम तितकीच दाट राहते, हा सगळ्यांत साधा हिशेब. तेव्हापर्यंतची निरीक्षणं त्यात नीट बसत होती, आणि मी त्याच बाजूची. समीकरणाला नसत्या खुंट्या कशाला वाढवायच्या? तुम्ही म्हणायचात, "कायम आहे म्हणता, तं कायम काऊन आहे ते सांगा. नुसता एक आकडा समीकरणाले चिकटवून दिला अन् म्हणे कायम. तुह्या बाबाच्या वांग्याचा भाव तरी कायम राह्यला का?" मी म्हणायची, वांग्याचा आणि विश्वाचा संबंध नाही. तुम्ही म्हणायचात, "कोणी सांगतलं?"

प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं माझ्या मनासारखी झाली. तिसऱ्या प्रकरणात तुम्ही पाय रोवलेत. तिथं तुमची ऊर्जा फार हळू, पण ढिली पडत जाते. विश्व पसरतं, जोरानं पसरतं, आणि पुढे कधीतरी त्या जोरातला जोर ओसरतो. गणित स्वच्छ होतं, मी प्रत्येक ओळ तपासली होती. पण का ओसरतो, याला आधार नव्हता. मी म्हटलं, परीक्षक इथंच धरणार, दुरुस्तीला परत पाठवणार, वर्ष जाणार. आणि तुमच्या छातीच्या डॉक्टरांनी काकूंना बाहेर बोलावून जे सांगितलं होतं ते काकूंनी मला सांगितलं होतं. वर्षाचा भरवसा नव्हता. मी स्पष्टच बोलले, "गुरुजी, तिसरं प्रकरण काढून टाका. पदवी हातात पडेल."

तुमच्या शेतातल्या शेडनेटमध्ये, बियाण्याच्या प्लॉटवरच्या जाळीखाली, होतो आपण. तुम्ही ढोबळी मिरचीच्या फुलावर वाकला होतात, संकरित बियाण्यासाठी मादीच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढत होतात. मान वर न करता म्हणालात, "डॉक्टर म्हणवून घ्यासाठी नाही आलो मी तुह्याकडं. तिसऱ्या प्रकरणासाठी आलो. ते काढलं तं मंग माहं काय राह्यलं त्याच्यात?"

मी रागानं निघून आले. साखरखेर्ड्याच्या बाजारापर्यंत मी एकटी बडबडत होते. पण प्रबंध गेला तो तिसऱ्या प्रकरणासकट गेला, सही माझीच होती.

त्यानंतर एक दिवस भल्या पहाटे तुमचा फोन. "संगे, पेपर पाह्यला का? ढिली पडून राह्यली म्हणतात!" दूरदूरच्या दीर्घिकांचे मोठे नकाशे करणाऱ्या लोकांना आता शंका येऊ लागली होती की ही ऊर्जा कायम नसावी. मी म्हटलं, शंका आहे फक्त, खात्री नाही. तोवर तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते. मी म्हटलं, गुरुजी, पेढे परत घ्या. तुम्ही म्हणालात, "खाल्लेले कसे परत घेऊ?"

आणि मग ती मौखिक परीक्षा. अजून आठवली की मला घाम फुटतो आणि हसू येतं, दोन्ही एकदमच.

नोटीस नेहमीसारखीच होती. पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा, सर्वांसाठी खुली, उपस्थितांना प्रश्न विचारता येतील. अशा नोटिशीला कोण येतं? विभागातले दोघे-तिघे, चहा होईपर्यंत. तुम्ही ती नोटीस नेऊन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलीत, आणि मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून वाचायला लावलीत. मला कळलं तेव्हा मी फोनवर ओरडले, "गुरुजी, हे काय लग्न आहे?" तुमचा आवाज शांत. "नोटिशीत काय लिहिलं आहे ते वाचा, मॅडम. सर्वांसाठी."

गाव आलं. क्रूझरमध्ये मावेना तितकं आलं, टेम्पोत उभं राहून आलं. सीड प्लॉटवरचं क्रॉसिंगचं, मादीच्या फुलांना पराग लावायचं काम टाकून बाया आल्या. ते काम एक दिवसही थांबत नाही हे इथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही डझनभर खुर्च्या मांडल्या होत्या. प्राचार्यांनी धावत जाऊन स्नेहसंमेलनाच्या सतरंज्या काढायला लावल्या. आणि सगळ्यांनी सभागृहाच्या दाराशी चपला काढल्या, कीर्तनाला बसतात तशा. बाहेरगावचे परीक्षक जिना चढून आले, चपलांचा ढीग पाहिला आणि वळून परत खाली गेले. शिपायाला म्हणाले, "वर काहीतरी धार्मिक कार्यक्रम चालू आहे. परीक्षा कुठे आहे?" त्यांना परत वर आणलं तेव्हा त्यांनीसुद्धा बूट काढले. दुसरं काय करतील बिचारे.

तुम्ही तो जिना कसा चढलात ते मी बघत होते. प्रत्येक वळणावर थांबून भिंतीवरची जुनी वेळापत्रकं वाचल्याचं नाटक करत होतात. काकू एक पायरी मागे, हात पुढे धरून. वर पोचलात तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, दहा मिनिटं बसा. तुम्ही म्हणालात, "बसलो तं उठणार नाही. सुरू करा."

पहिलाच प्रश्न वर्मावर आला. परीक्षक सज्जन होते, पण कच्चे नव्हते. म्हणाले, "तुम्ही विश्व कसं पसरतं याचा नियम आधीच गृहीत धरलाय, आणि मग आत कुठली ऊर्जा असायला हवी ते काढलंय. म्हणजे उत्तर आधी, गणित मागून. याला संशोधन म्हणायचं का?"

आमच्या भागात कितीतरी प्रबंध या प्रश्नावर घसरलेत. मी डोळे मिटले.

तुम्ही म्हणालात, "साहेब, हाव. उत्तर आधी धरलं. आमच्याकडं बियाण्याचे प्लॉट असतात. नर आधी लावायचा का मादी, अन् किती आधी, हे आम्ही फुलावरून ठरवतो. दोन्हीले फुलं एका टायमाले आली पाह्यजे, म्हणून तिथून उलटं मोजत मागं येतो. ह्याच्यात लबाडी नाही. लबाडी कवा होते? फुलं आली नाही तरी प्लॉट ठेवला, तं."

"आणि तुम्ही?"

"मी मोडले साहेब. एका मॉडेलात आवाज उजेडापेक्षा जोरात धावून राह्यला होता. मोडलं. एकात ऊर्जा उणे निघाली. मोडलं. एक तं मॅडमनं पास केल्यावर मोडलं, चार दिवस बोलत नव्हत्या माह्यासंगं."

बाया खुदखुदल्या. परीक्षक माझ्याकडे बघून हसले. मी खाली बघितलं. चार दिवस नाही गुरुजी, आठवडा होता तो.

मग ते तिसऱ्या प्रकरणावर आले. पानं उलटली, एका समीकरणावर बोट ठेवलं. "इथे तुमची ऊर्जा ढिली पडते. गणित बरोबर आहे. पण कशामुळे ढिली पडते? कोण पाडतं?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठी मी तुमच्याकडून एक उत्तर पाठ करून घेतलं होतं, एका क्षेत्राचं, उतारावरून घरंगळण्याचं, चार भारदस्त शब्दांचं. कुणीही ते उत्तर देतं आणि परीक्षक मान हलवून पुढे जातात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी ओठांनी पहिला शब्द सुचवला. तुम्ही मान हलवलीत, नाही.

"साहेब, मॅडमनं एक उत्तर पाठ करून दिलं आहे. म्हणून दाखवू शकतो. पण ते माहं नाही. ढिली पडते तं काय काय होते, ते मी काढलं. कोण पाडते, ते मले माहीत नाही." तुम्ही खडू घेतलात, फळ्यावरच्या समीकरणाखाली आडवी रेघ मारलीत. "इथं अडलो."

पदवीच्या दारात उभं राहून कुणी असं बोलतं का? प्राचार्य घड्याळाकडे बघू लागले. आणि मागून, सतरंजीच्या अगदी टोकावरून, गजू ओरडला,

"अर्धा मार्क!"

मग जे झालं ते आमच्या कॉलेजनं कधी पाहिलेलं नाही. अख्खं गाव ओरडत होतं. तुमच्या हाताखालून गेलेली दोन पिढ्यांची पोरं, त्यातली कित्येक आता केस पिकलेली, टाळ्या पिटत होती. इतकी वर्षं तुम्ही त्यांना जो अर्धा मार्क दिलात तो ते तुम्हाला परत देत होते. परीक्षक चक्रावले. "हे काय आहे?" तुम्ही शाळेत सांगायचात तसं सावकाश समजावून सांगितलंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि उरलेला अर्धा?"

"तो येऊन सोडवून दाखवल्यावर, साहेब. आमच्याकडं पेपर बंद होत नाही."

ते बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग डोकं वर करून, रीत म्हणून, विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला प्रश्न?"

काकूंनी हात वर केला. गुरुजी, तुमचा चेहरा काय झाला होता! परीक्षकापुढे न डगमगलेला माणूस बायकोपुढे गडबडला. काकू उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. "सगळं पसरून राह्यलं म्हणता, तं आपल्या घराच्या भिंती काऊन तिथंच आहे?"

हशा झाला, पण परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. उत्तर द्या."

तुम्ही काकूंकडे बघून बोललात, फळ्याकडे नाही. "जे एकमेकाले धरून आहे ते पसरत नाही. घर आहे, धरती आहे, सूर्य आहे, आपली आकाशगंगा आहे, हे सगळे एकमेकाले धरून आहे. पसरते ते मधातलं, जिथं कोणी कोणाले धरून नाही."

"मंग ठीक आहे," असं म्हणून काकू खाली बसल्या.

निकाल तिथंच जाहीर झाला. परीक्षक उभे राहून म्हणाले की पदवीची शिफारस करतो, आणि तिसरं प्रकरण आहे तसं राहू द्या, त्या आडव्या रेघेसकट. गुरुजी, मी तेव्हा रडले. तुमच्यासाठी, आणि थोडी माझ्यासाठीसुद्धा. त्या दिवसासारखा अभिमान मला माझ्या स्वतःच्या पदवीचा वाटला नव्हता. आयुष्यात ज्याच्यासमोर खडू धरायला शिकले त्या माणसाच्या प्रबंधावर गाईड म्हणून माझं नाव आहे, यापेक्षा मोठं मला काही मिळायचं नाही.

परतीला गजूनं साखरखेर्ड्यापासून गावापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. वेशीवर बायांनी ओवाळलं. तुम्ही ओट्यावर पाय सोडून बसलात, ऊन उतरलं होतं, काकू आत चहा टाकत होत्या. तुम्ही म्हणालात, "आता तू माही गाईड नाही, मी तुहा विद्यार्थी नाही. कोणाची सही राह्यली नाही. खरं सांग संगे, तिसरं प्रकरण बरोबर आहे का?"

मला तेव्हाच काहीतरी सांगता आलं असतं. पण तुमच्यासमोर मी उगाच कधी बोलले नव्हते. म्हटलं, नकाशावाल्यांचे नवे निबंध आलेत, ते नीट वाचते, रविवारी येते. तुम्ही म्हणालात, "ये. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करायले सांगतो."

शनिवारी सकाळी तुम्ही शेडनेटमध्ये गेलात, नराच्या ओळीपाशी खाली बसलात, आणि उठला नाहीत. बायांना वाटलं फुलं बघताहेत.

मी रविवारी आले. निबंध छापून आणले होते, पिशवीत तसेच राहिले. मला तुमचा फार राग आला, हे लिहूनच टाकते. एक दिवस थांबायला काय झालं होतं? ओट्यावर माणसं बसली होती, काकू आत भिंतीला टेकून होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाह्य वं संगे, भिंती तिथंच आहे. सांगतलं होतं त्यायनं." मग आम्ही दोघी पोटभर रडलो.

आज सकाळी उन्हात बसून मी ते सगळे निबंध वाचून काढले. तर गुरुजी, उत्तर.

तुमच्या बाजूचा पुरावा आधीपेक्षा वाढलाय. नाकारता येत नाही इतका वाढलाय. पण पक्का झाला असं म्हणण्याइतका नाही. मोजण्यातल्या बारीक चुकांतूनही तो तसा दिसू शकतो, असं म्हणणारी शहाणी माणसं आहेत. तुमचं समीकरण मी या आकड्यांशी ताडून पाहिलं, आणि ते बसतं. माझं "कायम"ही अजून मोडत नाही. दोन्ही प्लॉट उभे आहेत, दोन्हीकडे फुलं आहेत. मी हट्टानं माझ्या बाजूला उभी राहू शकते, किंवा तुम्ही गेलात म्हणून हळवी होऊन तुमच्या बाजूला येऊ शकते. दोन्हींसाठी तुम्ही मला शून्य दिलं असतंत.

तुम्ही माझ्या पेपरावर लिहिलं होतंत ना, ही पोरगी कुठंच अडत नाही? बाबांना मी आज फोन करून सांगितलं की त्या वाक्याचा अर्थ लागला. ते म्हणाले, "कोणतं वाक्य?"

उद्या कॉलेज आहे. पहिला तास एम.एस्सी.चा. तुम्ही बसायचात त्या खोलीत. मी फळ्यावर तुमच्या तिसऱ्या प्रकरणातलं ते समीकरण लिहिणार आहे, तुम्ही मारलेल्या आडव्या रेघेसकट. पोरं विचारतील, मॅडम, पुढे काय? आणि त्या रेघेखाली, शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीन, "इथं अडले."

माझा अर्धा मार्क तेवढा मांडून ठेवा, गुरुजी. उरलेला आपल्या दोघांचाही बाकी आहे, आणि पेपर अजून माझ्या हातात आहे.